पिवळा डबा, काळा डबा

१

रविवारी मी मुलुंडला जेवायला जात असे. माझी धाकटी बहीण वसुधा तिथे राहते. अनंत तिचा नवरा होण्याआधी माझा कॉलेजातला दोस्त होता, त्यामुळे बहिणीचा नवरा म्हणून त्याला मान द्यायची पाळी माझ्यावर कधीच आली नाही. मरोळ नाक्यावर बस पकडायची, पवईच्या तलावापाशी डुलकी लागायची, भांडुपला जाग यायची आणि मुलुंडला उतरेपर्यंत सपाटून भूक लागलेली असायची. वालाचं बिरडं नाहीतर मटण, मग बाहेरच्या खोलीत बसून अनंतबरोबर एक पाईप, वर चहा, आणि परत. ब्रह्मचाऱ्याला याहून जास्त सुख झेपत नाही.

माझी नोकरी नाकाची. मरोळला इसेन्सचा एक कारखाना आहे. बिस्किटांतला व्हॅनिला, सरबतातला गुलाब, अगरबत्तीतला मोगरा, असलं सगळं तिथे बाटल्यांत तयार होतं. कागदाची पट्टी बाटलीत बुडवून मी नाकाशी धरतो आणि चांगलं की टाकाऊ ते सांगतो. आई म्हणायची, लोकांची मुलं हातांनी कमावतात, आमचा माणिक नाकानं कांदे सोलून कमावतो. नाकवाल्यानं खरं तर तंबाखू ओढू नये. मी तो नियम फक्त रविवारी मोडत होतो.

तंबाखू बाळदादाची. बाळदादा म्हणजे अनंतचा थोरला भाऊ, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. लग्न केलं नाही. सुट्टीवर आला की अनंतच्याच घरी, आतल्या खोलीत मुक्काम. येताना दोन तऱ्हेचे डबे आणायचा. पिवळ्या डब्यात निव्वळ व्हर्जिनिया. काळ्यात तीच व्हर्जिनिया, पण तिच्यात थोडी पेरिक मिसळलेली. पेरिक ही अमेरिकेतल्या लुइझियानाच्या एका कोपऱ्यात होणारी तंबाखू. तिची पानं लाकडी पिंपात दाबून ठेवतात आणि ती आपल्याच रसात वर्षभर मुरत राहतात, आपलं लोणचं मुरतं तशी. बाळदादाचा कायदा साधा होता. "पिवळा तुमचा, काळा माझा. काळ्याला हात लावलात तर याद राखा." मग पाईप पेटवायचा, "झकास!" म्हणायचा, आणि पाईप संपताना धुराचं एकच कडं सोडायचा. एकच. दुसरं सोड म्हटलं तर हसायचा.

दोन वर्षांपूर्वी तो जहाजावरच गेला. इंजिनरूममध्ये छातीत दुखायला लागलं आणि खेळ खलास. किनारा लांब होता, देह समुद्रातच सोडला. घरी आली ती त्याची लोखंडी पेटी. तिच्यात कपडे, पाईप आणि डबे. दहाव्याला खाडीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले. त्याच्या राहून गेलेल्या लग्नाचं, घराचं, सगळं बोलून झालं. शेवटी अनंत रडवेला होऊन म्हणाला, "दादा, तुझा पाईप विझू देणार नाही." कावळा आला. कावळ्यालाही भूक लागते, असं मी मनात म्हटलं, आणि मला आजही तसंच म्हणावंसं वाटतं.

तेव्हापासून अनंत पाईप ओढायला लागला. आधी थोडे दिवस पिवळ्यातली ओढली, नंतर काळ्यातलीच. मलाही बरं झालं, बसायला सोबत मिळाली.

त्या रविवारी जेवण झाल्यावर त्यानं काळा डबा माझ्यापुढे ठेवला. तळाशी मूठभर तंबाखू उरली होती.

"हा शेवटचा. पिवळे अजून ढीग आहेत. माणिक, तू नाकवाला आहेस ना? दोन्ही ओढून बघ. या काळ्यात जास्तीचं काय आहे ते काढ आणि इसेन्स बनव. पिवळ्यात मिसळू."

"पिवळीच ओढ की. वाईट काय आहे तिच्यात?"

"मला चालेल रे," अनंत म्हणाला. "पण त्याला नाही चालणार."

२

तो "त्याला" मी कानाआड केला. भाऊ गेलेला माणूस असं कधीमधी बोलतो.

दोन वास खरोखर वेगळे आहेत का, हे ठरवायची आमच्या कारखान्यात एक रीत आहे. तिला आम्ही तिकडी म्हणतो. माणसाला तीन पट्ट्या द्यायच्या, दोन एकाच बाटलीतल्या आणि एक दुसऱ्या, आणि वेगळी कुठली ते विचारायचं. दोनच पट्ट्या दिल्या तर माणूस अंदाजपंचे काहीतरी सांगून मोकळा होतो. तिकडीत तेवढं सोपं नसतं. एक गंमत मात्र मी वर्षानुवर्षं बघितली आहे. तिन्ही पट्ट्या एकाच बाटलीतल्या दिल्या, तरी माणूस त्यातली एक उचलून "ही वेगळी" म्हणतोच. "तिन्ही सारख्या" म्हणणारा मला अजून भेटलेला नव्हता.

बाळदादाच्या पेटीतले एकाच मापाचे तीन पाईप काढले. वसुधानं ते स्वयंपाकघरात भरायचे ठरलं. तिला तंबाखूतलं काही कळत नाही आणि आम्हा दोघांचाही तिला सारखाच राग येतो, म्हणजे पंच म्हणून ती उत्तम.

आधी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. व्हर्जिनिया मला लगेच कळली. उन्हात वाळलेलं गवत, पावाची भाजलेली कड, मागे थोडा गूळ. अधाशासारखी ओढली तर जीभ पोळते. काळ्या डब्यातली सुरुवातीला तिच्यासारखीच, पण दोन झुरक्यांनंतर तळातून काहीतरी वर येतं. काळ्या मनुका, सुकं अंजीर, आंबूसपणा, आणि नाकातून धूर सोडला की मिरी. ती जिभेला चावत नाही. तोंडात नुसती थांबून राहते. व्हर्जिनिया म्हणजे दुपार आणि ही संध्याकाळ, असं मी म्हटलं, आणि वसुधा म्हणाली, "आता कविता पुरे, रुमाल सोड."

मग अनंतचे डोळे बांधले. पहिला पाईप. त्यानं ओढला, तोंड उघडलं, धूर बाहेर आला. दुसरा, तसंच. तिसरा पाईप ओढला तेव्हा पाईपातला निखारा फुलला, गाल आत गेले. त्यानं तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही.

मी पुढे वाकलो. त्यानं पुन्हा झुरका घेतला. पुन्हा निखारा लाल झाला. पुन्हा तोंड उघडलं, आत जीभ दिसली, दात दिसले, धूर नाही.

"हा काळा," तो म्हणाला. बरोबर होतं. बोलताना थंडीत दिसते तेवढी वाफसुद्धा त्या तोंडातून निघाली नाही.

एरवी गप्पांत त्याच्या तोंडाकडे मी एवढं कधी बघितलं नव्हतं. वारा असेल, असं मी ठरवलं. पंखा चालू होता.

३

पुढच्या रविवारी मी पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. वसुधा उकाड्यानं वैतागली, पण मी म्हटलं, वास नीट कळायला हवा. गॅलरीच्या दारातून उतरतं ऊन आत येत होतं, अनंतला मी त्या उन्हात बसवलं. उन्हात धूळ दिसते, मग धूर दिसायलाच हवा. पाईप ओढणारा धूर छातीत घेत नाही, तोंडातच खेळवतो आणि सोडतो. जो तोंडात गेला तो बाहेर यायलाच हवा. यात अध्यात्म नाही, साधा हिशेब आहे.

पिवळ्या डब्यातली दिली. धुराचे लोट उन्हात निळे दिसले. मला हायसं वाटलं.

काळ्या डब्यातली दिली. पेटत्या तंबाखूतून एक बारीक रेघ वर चढत होती. ती मला दिसत होती. अनंतच्या तोंडातून काही येत नव्हतं. तो डोळे मिटून, अगदी तब्येतीत ओढत होता. निम्मा पाईप संपला. एवढा धूर गेला कुठे?

मग मला वास आला. मनुका, अंजीर, मिरी. अनंत माझ्या समोर होता आणि वास मागून येत होता.

मी मान वळवली. मागे आतल्या खोलीचं दार होतं, बंद. दाराखालच्या फटीतून धूर बाहेर येत होता. थोडा यायचा, थांबायचा. अनंतनं झुरका घेतला की जरा वेळानं पुन्हा यायचा.

मी भित्रा नाही, कारखान्यात डोळ्यांदेखत पिंप फुटलेलं बघितलं आहे. पण तेव्हा भ्यायलो, ते सरळ सांगतो.

"अनंत, आत कोण आहे?"

"आत?" डोळे न उघडता तो म्हणाला. "आत दादाची खोली आहे ना."

शेजारच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी टीव्ही लावला. थोड्या वेळानं खालच्याही घरात तोच आवाज सुरू झाला, मग सगळ्या बिल्डिंगमध्ये. रविवारचा सिनेमा. मी तेवढ्या गलक्याला धरून बसून राहिलो.

४

चहाची भांडी उचलायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेलो. वसुधा ओट्याला टेकून उभी होती. माझं तोंड बघून म्हणाली, "दिसलं ना?"

"तुला ठाऊक आहे?"

"भाऊ, दोन वर्षं त्याचे शर्ट मी धुतेय. रोज पाईप ओढणाऱ्या माणसाच्या शर्टाला तंबाखूचा वास येत नाही. तुझ्या एका रविवारच्या शर्टाला येतो." ती हळू बोलत होती. "चल, दाखवते."

आतली खोली मी बाळदादा असताना शेकडो वेळा बघितलेली. लोखंडी पलंग, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात ती पेटी. खोलीत धुराचा एक थर तरंगत होता, पलंगावर माणूस बसला तर त्याचं तोंड जिथे येईल तिथे. खिडकी आतून बंद होती. वसुधानं ती उघडली तरी थर हलायला तयार नव्हता.

"चादर रोज बदलते," ती म्हणाली. "आज सकाळीच बदललीय."

चादरीच्या मधोमध खळगा होता. मी उशी उचलून नाकाशी नेली. सवय. तंबाखू होतीच, पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. खारं पाणी, आणि इंजिनाचं काळं तेल. मी उशी खाली ठेवली.

"आता बाहेर ये आणि अनंत बसतो तो सोफा बघ," वसुधा म्हणाली. अनंत तोवर मोरीत गेला होता. तो तासभर जिथे बसला होता ती सोफ्याची गादी फुगलेली होती, दुकानातून आत्ताच आणल्यासारखी.

"जेवत नाही. परवा पुरणपोळी केली, तर म्हणाला, कशाचीच चव लागत नाही गं. हाक मारली तर आधी त्या दाराकडे बघतो आणि मग माझ्याकडे. भाऊ, मी म्हणायचे, डबा संपला की सुटेल. एवढी एक आशा होती. आणि आता त्यानं तुला कामाला लावलंय." तिनं माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. "तू ते बनवू नकोस. शपथ आहे तुला."

तेवढ्यात अनंत आला आणि दारात उभा राहिला.

"माणिक, लवकर कर यार. डबा संपत आला. संपल्यावर तो काय ओढेल?" त्याचा आवाज कापत होता. "संपल्यावर मला काय करायला सांगेल?"

वसुधानं माझं मनगट सोडलं. तिला वाटत होतं डबा संपणं म्हणजे सुटका. आता तिच्या चेहऱ्यावर दिसलं की तेही तितकं सोपं नाही.

५

बसमध्ये मला डुलकी लागली नाही. मी विचार करत होतो आणि विचार करून मी एक शहाणपणा शोधून काढला.

पिवळ्या डब्यातल्या तंबाखूचा धूर परत येतो. काळ्यातल्याचा येत नाही. म्हणजे जे काही आहे ते पेरिकमध्ये आहे, त्या कुजवलेल्या पानात, असं मी धरून चाललो. मग मी पिवळ्यालाच असं नटवायचं की अनंतला ती काळी वाटावी. तो समाधानानं ओढेल, धूर त्याच्याच तोंडातून बाहेर येईल, आणि आतल्या खोलीत काही पोचणार नाही. दादाला दिलेला शब्दही राहील आणि माझ्या बहिणीचा नवराही. खोटा माल खरा म्हणून देणं हाच तर माझा धंदा. मुंबईत निम्मी मुलं मी बनवलेल्या आंब्याला आंबा म्हणतात.

मी काळ्या डब्यातली चिमूटभर तंबाखू कागदात बांधून आणली होती. दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेत एकटा बसून जुळणी करायला लागलो. अंजीर जमलं. मनुका जमली. व्हिनेगर जरा जास्त झालं, ते उतरवलं. मिरीचं तेल सुईच्या टोकानं. पट्टीवर वास आला तो नव्वद टक्के बरोबर होता, आणि दहा टक्के कुठेतरी मेलेला. बाजारच्या मालाला तेवढं पुष्कळ झालं. पण नाकवाल्याचं नाक अपुऱ्यावर थांबत नाही. मी रोज दुपारी तीच बाटली घेऊन बसायला लागलो. एक वास कमी आहे, एवढं कळत होतं, कुठला ते कळत नव्हतं.

मग एकदा हात धुताना मला तो आठवला. मी समुद्री शेवाळाच्या अर्काचा एक थेंब घातला. मग डांबरी वासाच्या तेलाचा, काडी बुडवून निथळवून, नुसता स्पर्श.

पट्टी नाकाशी नेली आणि तो वास जिवंत झाला. अगदी तोच. मी खुर्चीत मागे रेललो आणि स्वतःवर खूश होऊन तोंडातून शब्द निघाला, "झकास."

मी हा शब्द वापरत नाही. पण आनंदात माणूस काहीही बोलतो.

६

पुढच्या रविवारी जेवायच्या आधीच मी वसुधाला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. माझ्या पिशवीत पिवळ्यातली तंबाखू होती, माझा इसेन्स मारून दाबून सुकवलेली.

"तो ओळखेल," ती म्हणाली.

"तिकडीत कळेल. दोन पाईप माझ्या मालाचे भर, एक खऱ्या काळ्याचा. त्याला वेगळा ओळखता आला नाही तर आपण जिंकलो."

तिनं थोडा विचार केला. वसुधा माझ्याहून धीट आहे, लहानपणापासून. ती कपाटातला काळा डबा घेऊन मोरीत गेली. पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला. रिकामा डबा तिनं ओट्यावर पालथा ठेवला आणि तिन्ही पाईप माझ्या पिशवीतल्या तंबाखूनं भरले.

"आता काय ओळखेल ते ओळखू दे," ती म्हणाली.

अनंतला आम्ही काही सांगितलं नाही. ऊन उतरल्यावर तो सोफ्यावर बसला. मी त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला तेव्हा त्याचं कपाळ हाताला गार लागलं. वसुधा आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली, कुणाला तरी अडवायचं असावं तशी.

पहिला पाईप पेटवून त्याच्या हातात दिला. त्यानं झुरका घेतला, तोंडात खेळवला. आम्ही दोघं त्याच्या ओठांकडे बघत होतो. तोंड उघडलं.

धूर आला. भरपूर, पांढरा, त्याच्या नाकासमोरून वर चढला आणि त्याला ठसका लागला. वसुधानं तोंडावर हात धरला.

दुसरा पाईप. धूर आला. तिसरा. धूर आला. खोली धुरानं भरली, त्याच्या शर्टात, केसांत, पडद्यात धूर शिरला आणि मला आयुष्यात तंबाखूचा वास इतका आवडला नव्हता.

"सांग," मी म्हटलं. "वेगळा कुठला?"

अनंत मान थोडी कलती करून बसला, पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसा. दाराला टेकलेली वसुधा एकदम पुढे आली, पाठीला काही लागल्यासारखी.

"तिन्ही एकच आहेत," अनंत म्हणाला.

तिन्ही सारखे म्हणणारा मला पहिल्यांदाच भेटला.

"कशावरून?"

"दादा म्हणतोय. तिन्ही एकच, पण झकास जमलंय म्हणतोय. अगदी घरच्यासारखं." त्यानं परत कान दिला. मग मोकळा श्वास सोडला. "म्हणतोय, तू सुटलास. आता माणिक आहे ना."

७

अनंतनं स्वतःच रुमाल सोडला. डोळे चोळले, धुरानं झोंबत होते. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "वसू, काही खायला आहे का गं? सकाळपासून पोटात काही नाही."

वसुधा रडायला लागली. रडत रडतच तिनं ताट वाढलं. तो बिरड्यातले वाल एक एक करून खात होता, "मीठ जास्त झालंय" म्हणत होता, आणि ती "होय रे, झालंय" म्हणत हसत होती. त्यानं पाणी पिऊन पुन्हा भात मागितला. अनंत बसला होता तिथे सोफ्याच्या गादीत खळगा पडला होता, खोल, भल्या मोठ्या माणसाचा. तिनं तो मला बोटानं दाखवला. मग आतल्या खोलीत जाऊन आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊ, चादर सपाट आहे. वास नाही. काही नाही. तू केलंस."

मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. बहिणीला इतकं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या भरात तिकडीतला तिसरा पाईप, अजून गरम होता, मी उचलला आणि गॅलरीत जाऊन पेटवला.

समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे लागत होते. मी झुरका घेतला. अंजीर, मनुका, आणि मागून मिरी. त्याच्याही मागे खारं पाणी आणि काळं तेल. तेव्हा मला उमगलं की मी जुळणी डब्याशी केली नव्हती. डब्यातल्या तंबाखूत खारं पाणी कधीच नव्हतं. ते उशीत होतं. दहा टक्के कमी पडले ते मी पेरिकचे म्हणून घातले आणि ते बाळदादाचे होते.

मी तोंड उघडलं.

संधिप्रकाश बऱ्यापैकी होता. हात तोंडापुढे धरून बघितला. पुन्हा झुरका घेतला, पुन्हा बघितलं. मग पाईप कठड्यावर झाडला आणि आत आलो.

"काय रे, एवढ्यात संपला?" अनंतनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "चलतो. बसला गर्दी होते."

वसुधानं डब्यात पुरणपोळ्या भरून दिल्या. जिन्यापर्यंत आली. "पुढच्या रविवारी लवकर ये," म्हणाली. तिच्या केसांना तंबाखूचा वास येत होता, माझ्या शर्टाला नव्हता. मी "येतो" म्हटलं. तिला सांगून काय करणार होतो? सांगितलं असतं तर तिनं माझं मनगट धरलं असतं, आणि मला ते चालणार नव्हतं. तिचं घर नुकतंच तिला परत मिळालं होतं.

८

मरोळला घरी पोचलो. येताना सगळा रस्ता मी एका गोष्टीच्या आधारावर होतो. मुलुंडच्या घराला आतली खोली आहे, माझ्या घराला नाही. एक खोली, एक मोरी, एक कॉट, एक टेबल. धुराला जायला जागाच नाही. तेव्हा इथे पाईप पेटवला की धूर माझ्याच तोंडातून येणार. हिशेब आहे साधा.

पिशवीतून उरलेली तंबाखू, गॅलरीत ओढलेला पाईप आणि इसेन्सची बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटली निम्मी शिल्लक होती. मोरीत ओतून टाकावी असं मनात आलं. मग अनंतचा कापरा आवाज आठवला, संपल्यावर मला काय करायला सांगेल. मी ओतली नाही तर हे माझ्यापुरतंच आहे. ओतली तर ते परत मुलुंडला जाईल, त्या सोफ्यावर. बाळदादाला शब्द माझ्याकडून नको होता. माल हवा होता, आणि तो फक्त मला बनवता येतो.

पुरणपोळीचा तुकडा तोंडात टाकला. वसुधाच्या पुरणात वेलची कमी पडली म्हणून मी नेहमी नाक मुरडतो. आज मुरडलं नाही. मला वेलची कळली नाही, गूळ कळला नाही, काहीच कळलं नाही. मऊ काहीतरी होतं, ते गिळलं.

कॉटवर बसलो. चाळीत टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज येत होता. दिवा चालू ठेवला, दार उघडं ठेवलं, आणि पाईप भरून पेटवला. दोन-तीन काड्या वाया गेल्या.

पहिला झुरका घेतला. तोंड उघडलं. काही आलं नाही. मी चारी बाजूंना बघितलं. मोरीचा पडदा, टेबलाखाली, माळ्यावर. कुठे धूर नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. कुठेच नाही. वेड्यासारखा मी ओढत राहिलो, तंबाखू जळत राहिली, खोली स्वच्छच. एवढा धूर धरून कोण बसलंय, असा विचार आला आणि तो विचार मी सोडून दिला.

तंबाखू तळाला आली. शेवटचा झुरका घेतला.

माझ्या शेजारी, कॉटवर, माझ्या तोंडाच्या उंचीवर हवेत धुराचं एक कडं आलं. एकच. ते गोल गोल फिरत दिव्याकडे चढलं. कॉटची पट्टी करकरली आणि माझ्याखालची गादी त्या बाजूला कलंडली.

कॉट लहान आहे. मी सरकून जागा करून दिली.